भिकाऱ्याचा पूल

मैत्रिणींनो, पूल म्हटला की आपल्याला एस.टी. आठवते, नाही तर आगगाडी. पण इंग्लंडात यॉर्कशायर भागात ग्लेझडेल गावाशी, एस्क नदीवर एक दगडी पूल आहे, तो ओझ्याच्या तट्टांच्या काळातला. साल १६१९. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून अकरा वर्षं होती!

तेव्हा त्या डोंगराळ मुलखात चाकाच्या गाडीला धड रस्ता नसे. मीठ, लोकर, कोळसा, चुना, सारं तट्टांच्या पाठीवरून जायचं. एकामागे एक तट्टू, दोन्ही अंगांना गोण्या, आणि पुढच्याच्या गळ्यात घंटा. अरुंद वाटेवर समोरच्याला आधीच कळावं म्हणून. आपल्याकडच्या लमाणांच्या तांड्यासारखंच, फक्त बैलांऐवजी घोडी. असले पूल एका जनावरापुरते रुंद आणि कठडे अगदी बुटके, म्हणजे गोण्या घासत नाहीत. कपाट आणण्याआधी आपण दार मोजतो ना, तसा हिशेब!

या पुलाला म्हणतात 'भिकाऱ्याचा पूल'. गोष्ट अशी सांगतात की, टॉम फेरिस हा गरीब तरुण आणि ॲग्नेस सुखवस्तू घरातली. बापाला हा भणंग जावई नको. टॉम नशीब काढायला समुद्रावर निघाला. आदल्या रात्री तिचा निरोप घ्यायला आला तर नदीला पूर, आणि पूल नाही. न भेटताच गेला. पुढे श्रीमंत होऊन परतला, तिच्याशी लग्न केलं आणि दुसऱ्या कुणाची अशी ताटातूट नको म्हणून पूल बांधला.

यात तिखटमीठ किती, देव जाणे. पण थॉमस फेरिस खराच होता. हल बंदराचा तो महापौर झाला आणि पुलाच्या दगडावर त्याच्या नावाची आद्याक्षरं नि १६१९ साल कोरलेलं आहे. आता शेजारी मोटारींचा पूल आहे, रेल्वेचाही आहे. जुन्यावरून माणसं पायी जातात.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तर एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आणि तिचं अक्षर?"

खरंच की! टॉमच्या समुद्रावरच्या पराक्रमांच्या कथा पुष्कळ. ही इतकी वर्षं बापाच्या घरात कशी राहिली, किती स्थळं परतवली, त्याबद्दल अक्षर नाही. तास संपला, पण त्या पोरीचं समाधान मला करता आलं नाही.