दुधाचे माप आणि गाईचा हिशेब

गाईचे दूध वाढविणारे इंजेक्शन खरेच असते का, हा प्रश्न गावच्या बैठकीत हमखास निघतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पान्हा सोडायचे इंजेक्शन असते. ते ऑक्सिटोसिन. त्याने दूध वाढत नाही. कासेत आधीच तयार झालेले दूध तेवढे खाली उतरते. वासरू ढुशी देते तेव्हा गाईच्या अंगात हेच द्रव्य आपोआप सुटते. खरोखर दूध वाढविणारे इंजेक्शन निराळे. त्यावरून अमेरिका, कॅनडा व युरोपात मोठा वाद झाला. गोठ्यात दोनच जनावरे असली तरी त्या वादाची हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

गाईच्या मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून सोमॅटोट्रोपिन नावाचे हार्मोन रक्तात सुटते. गाय जे खाते त्यातले किती अंगाला लागावे व किती कासेकडे जावे, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पूर्वी हे द्रव्य कापलेल्या जनावरांच्या ग्रंथींतून काढावे लागे व अगदी थोडे मिळे. पुढे शास्त्रज्ञांनी गाईतील त्याचे जनुक, म्हणजे ते द्रव्य बनविण्याची वंशपरंपरेने आलेली कृती, एका जिवाणूत बसविली. विरजणातले जिवाणू जसे दुधाचे दही करतात, तसे हे जिवाणू मोठ्या टाक्यांत हे द्रव्य करू लागले. मोन्सँटो कंपनीने ते ‘पॉसिलॅक’ या नावाने विक्रीस आणले. गाय व्याल्यावर साधारण नवव्या आठवड्यापासून दर १४ दिवसांनी एक इंजेक्शन द्यायचे आणि दुधात साधारण १० ते १५ टक्के वाढ मिळवायची, अशी ही रीत. अर्थात हे जादा दूध खुराकातूनच येते. वैरण आणि पेंड वाढविली नाही, तर गाय अंगावरचे मांस झिजवून दूध देते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ नोव्हेंबर १९९३ रोजी या औषधाला मंजुरी दिली व फेब्रुवारी १९९४ मध्ये विक्री सुरू झाली. प्रशासनाचे म्हणणे असे, की हे द्रव्य प्रथिन आहे, दुधातल्या इतर प्रथिनांसारखे ते माणसाच्या पोटात पचून जाते आणि गाईचे हे हार्मोन माणसाच्या शरीरावर काम करीत नाही. त्यामुळे दूध पिणाऱ्यास धोका नाही. गाईला कासदाह, म्हणजे आपण दगडी म्हणतो तो रोग, होण्याचा संभव वाढतो, हे मात्र औषधासोबतच्या माहितीपत्रकातच छापलेले होते. चांगल्या निगराणीने तो आवरता येईल, असे धरले गेले.

वाद मंजुरीच्या आधीच पेटला होता. विस्कॉन्सिन व मिनेसोटा ही तिकडची दुधाची राज्ये. तिथे १९९० साली या औषधाच्या विक्रीला तात्पुरती बंदी घातली गेली. लहान गोठेवाल्यांचे म्हणणे सरळ होते. आताच दूध जास्त होते आहे. आणखी वाढले तर भाव पडेल, मोठे गोठे तगतील आणि आमचे मोडतील. पण औषध सुरक्षित आहे का व गुणकारी आहे का, एवढेच पाहणे हे प्रशासनाचे काम. लहान कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न त्या कागदात बसत नव्हता.

कॅनडाने निराळी वाट धरली. तिथल्या आरोग्य खात्याने दोन स्वतंत्र समित्या नेमल्या, एक माणसाच्या डॉक्टरांची आणि एक जनावरांच्या डॉक्टरांची. पहिलीने सांगितले, की दूध पिणाऱ्यास विशेष धोका दिसत नाही. दुसरीने गाईचा हिशेब मांडला. कासदाहाचा संभव सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो, गाभण न राहण्याचा १८ टक्क्यांनी आणि लंगडेपणाचा ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे जिथे १०० गाईंपैकी २० जणींना दगडी व्हायची, तिथे ती २५ जणींना होईल. या अहवालावरून जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने मंजुरी नाकारली. युरोपीय संघानेही जनावरांच्या हालांचेच कारण देऊन २००० सालापासून कायमची बंदी केली.

अमेरिकेत मंजुरी कायम राहिली, तरी गिऱ्हाईक गप्प बसले नाही. मेन राज्यातील ओकहर्स्ट या डेअरीने आपल्या पिशव्या-बाटल्यांवर ‘आमचे शेतकरी कृत्रिम वाढ-हार्मोन वापरत नाहीत’ अशा अर्थाचे वचन छापले. मोन्सँटोने २००३ साली त्या डेअरीवर दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली. वचन राहिले, पण दोन्ही दुधांत महत्त्वाचा फरक नाही असे सरकारी मत आहे, ही ओळही जोडावी लागली. गिऱ्हाइकाचा कल मात्र फिरला तो फिरलाच. २००८ साली क्रोगर व वॉलमार्ट या बड्या दुकानदारांनी आपल्या नावाच्या दुधातून हार्मोनचे दूध वगळले आणि त्याच साली मोन्सँटोने हा धंदा दुसऱ्या कंपनीला विकून टाकला.

मंडळी, ज्यांनी ते दूध प्यायले त्यांना विष पाजले गेले, असे कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. तसा पुरावा निघाला नाही. पण ‘दूध सुरक्षित आहे’ एवढ्याने गाईचा आणि गोठेवाल्याचा हिशेब पुरा होत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या भाषेत तो हिशेब करून पाहू. रोज १० लिटर देणारी गाय दीड लिटर जादा देऊ लागली असे धरा. मध्येच दगडी झाली, तर औषध चालू असेतो आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचे सगळे दूध टाकावे लागते. सहा दिवस टाकले तर ६९ लिटर गेले. म्हणजे ४६ दिवसांची वाढ सहा दिवसांत संपली. डॉक्टरांची फी, औषधे आणि कायमचा बाद झालेला सड यांत धरलेलाच नाही. गाय एकदा उलटली तर २१ दिवस गेले आणि तितके दिवस पुढचे वेत लांबले. शिवाय कास शेकणे, वेगळी धार काढणे हे काम बहुधा घरच्या बाईच्याच वाट्याला येते, आणि ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

आपल्याकडचा कायदाही ध्यानात असू द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. फुंका घालणे किंवा दूध वाढावे म्हणून जनावराच्या आरोग्याला अपायकारक असे कोणतेही द्रव्य टोचणे, हा त्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. पान्ह्याचे इंजेक्शनदेखील डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. कोणी झोळीतून बाटली काढून देऊ लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नवे शास्त्र वाईट, असा याचा अर्थ नव्हे. आज कालवडीच जास्त व्हाव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा मिळते. तिच्यापासून शंभरात ९० च्या आसपास कालवडी होतात, ही मोठीच सोय आहे. पण साध्या रेतनापेक्षा तिच्यात गाभण राहण्याचे प्रमाण कमी असते. म्हणून निरोगी, माज नियमित असलेल्या कालवडीला ती आधी वापरावी. वारंवार उलटणाऱ्या गाईवर पैसा घालू नये.

पुढेही नवनवी औषधे आणि बियाणी गोठ्याच्या दारात येणारच. त्या वेळी तीन गोष्टी विचारा. दूध पिणाऱ्याला काही अपाय आहे का? गाईच्या कासेवर, पायांवर आणि गाभण राहण्यावर काय परिणाम होतो? खर्च वजा जाता घरात काय उरते? उत्तर विकणाऱ्याकडून घेऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. आणि आजपासून गोठ्यात एक वही टांगा. रोजचे दूध, पेंड, माजाची तारीख, रेतनाची तारीख आणि आजारपण तिच्यात लिहा. वर्षाअखेर गाय फायद्याची की तोट्याची, हे त्या वहीवरून घरातल्या कोणालाही सांगता येईल.