दम्यात गोळीआधी रक्ताची चाचणी

पावसाळा सरून थंडी पडू लागली की सरकारी रुग्णालयांत धाप लागलेल्या रुग्णांची रीघ लागते. नेब्युलायझरची वाफ, स्टिरॉइडचे इंजेक्शन, पाच-सात दिवसांच्या गोळ्या आणि घरी. त्यातले बरेच जण महिन्या-दोन महिन्यांत परत येतात. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथले, असा २०१९चा जागतिक अंदाज सांगतो.

गंभीर दम्यावर आता ‘बायोलॉजिक’ इंजेक्शने आहेत. वर्षातून दोनदाच घ्यायच्या एका इंजेक्शनच्या चाचण्यांचे चांगले निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बातमी वाचून घरचे विचारतात, ‘हे आमच्या वडिलांना चालेल का?’

रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. त्यातला इंटरल्युकिन-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिल पेशींची वाढ करवतो आणि त्यांना लवकर मरू देत नाही. या पेशी श्वासनलिकेच्या अस्तरात शिरल्या की सूज येते, कफ चिकट होतो, दम्याचे झटके वाढतात.

हा निरोप अडवणारे मेपोलिझुमॅब दम्याच्या ३६२ रुग्णांना देऊन पाहिले गेले. इओसिनोफिल घटले, पण दमा होता तसाच राहिला. २००७ मध्ये हा निकाल आला तेव्हा औषध जवळपास मोडीत निघाले होते. चूक रुग्णांच्या निवडीत होती. २००९ मध्ये ब्रिटनमधील लेस्टरच्या डॉक्टरांनी कफात इओसिनोफिल वाढलेले आणि वारंवार झटके येणारे ६१ रुग्णच निवडले. वर्षभरात दर रुग्णामागे तीव्र झटके सरासरी ३.४ ऐवजी २ वर आले. २०१५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

मग रक्तातले इंटरल्युकिनच मोजावे का? रोजच्या उपचारात त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्या हुकमाने वाढलेल्या पेशी मोजणे सोपे आणि स्वस्त. तालुक्याच्या ठिकाणीही होणाऱ्या साध्या सीबीसीत इओसिनोफिलचा आकडा असतो. टक्के पाहून भागत नाही, एकूण संख्या पाहावी लागते. वारंवार झटके येणाऱ्या रुग्णात ती एका मायक्रोलिटरमध्ये ३००च्या वर असेल, तर या इंजेक्शनचा गुण येण्याची शक्यता बरीच वाढते.

इथेच गोम आहे. स्टिरॉइड पोटात गेले की ही संख्या काही तासांत कोसळते. आधी गोळ्या आणि मग रक्त, असा क्रम झाला की अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि खरा लाभार्थी यादीतून गळतो. उलट, पोटातले जंत आणि हत्तीरोगाचे कृमी हीच संख्या फुगवतात. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात नुसत्या आकड्यावर महागडे इंजेक्शन सुरू करणे धोक्याचे. तिथे आधी शौचाची तपासणी आणि हत्तीरोगाचा शोध हवा.

शिवाय गंभीर दमा म्हणून पाठवलेले सगळेच तसे नसतात. काहींनी स्टिरॉइडचा पंप ‘सवय लागेल’ या भीतीने महिनोन्महिने उघडलेलाच नसतो. काही जण तो जिभेवरच फवारतात. त्यांना इंजेक्शन नको असते, पंप कसा ओढायचा ते कुणीतरी समोर बसून दाखवायला हवे असते. गर्दीच्या ओपीडीत नेमका तेवढाच वेळ मिळत नाही.