तोंड किती उघडते, हे मोजले पाहिजे

दात घट्ट आवळून गालावर हात ठेवला की हाताखाली एक स्नायू टणक होतो. तसाच दुसरा कानशिलावर लागतो. चावण्याच्या चार स्नायूंपैकी हे दोनच बाहेरून चाचपता येतात. उरलेले दोन, टेरिगॉइड नावाचे, जबड्याच्या उभ्या हाडाच्या आतल्या अंगाला, वरच्या जबड्याच्या मागे आणि कवटीच्या तळाखाली एका खळग्यात असतात. वैद्यकशास्त्र त्या खळग्याला इन्फ्राटेम्पोरल फोसा म्हणते. जागा लहान, पण गर्दी मोठी: खालच्या जबड्याचा मज्जातंतू कवटीच्या छिद्रातून इथेच उतरतो, चेहऱ्याच्या खोल भागाला रक्त देणारी मॅक्सिलरी रोहिणी इथून जाते आणि भोवती पसरलेल्या नीलांच्या जाळ्याचा संबंध थेट मेंदूखालच्या रक्तपोकळीशी असतो. याच्या शेजारी आणखी एक चिंचोळी जागा आहे. तिच्यातून नाकाकडे, डोळ्याकडे, टाळूकडे आणि कवटीच्या आत असे मार्ग फुटतात. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे आणि जबडे गेले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. नाकात शिरलेल्या बुरशीला डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटांपैकी एक याच जागेतून जाते.

या खोल जागांत आजार शिरला, तर तो आरशात दिसत नाही, बोटाला लागत नाही आणि दातांच्या साध्या एक्स-रेवरही नीट कळत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो आणि तो तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. पण आत काही बिघडते आहे, याची एक खूण बाहेर उमटते: तोंड पूर्वीइतके उघडत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, रक्तदाब आणि वजन जसे केसपेपरवर लिहिले जाते, तसे वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लिहिले गेले पाहिजे.

ही मागणी महाराष्ट्रात अधिक निकडीची आहे. राज्यातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू घेतो, असे २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाने दाखवले. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा या सगळ्यांची ठेवायची जागा एकच: गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण. गालाच्या आतल्या त्वचेचा आणि अक्कलदाढेमागच्या भागाचा कर्करोग आपल्याकडे इतका आढळतो, त्याचे हे मोठे कारण. अक्कलदाढेमागून एक तंतूंचा पट्टा वर टेरिगॉइडच्या हाडाकडे जातो, आणि गाठ त्याच्या आधाराने खळग्यात चढते. चावण्याच्या स्नायूंची जागा, टेरिगॉइडची हाडे किंवा कवटीचा तळ गाठला, की आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो कर्करोग अतिप्रगत ठरतो. पूर्वी अशा बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया नाकारली जाई. तैवानमधल्या शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की, गाठ जबड्याच्या वरच्या टोकाशी असलेल्या खाचेच्या खाली असेल तर ती पूर्ण काढून चांगला परिणाम मिळू शकतो. खाचेच्या वर गेली की आशा झपाट्याने कमी होते. म्हणजे शस्त्रक्रिया साधणार की नाही, हे थोड्याशा अंतरावर ठरते. ते अंतर गाठीने कापण्याआधी रुग्ण डॉक्टरसमोर यायला हवा.

तोंड मिटत जाण्याचे दुसरे कारण त्याहून हळू चालते, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. सुपारीतल्या अर्कामुळे गालाखालच्या ऊती कडक होतात, पांढरे पट्टे धरतात आणि जबडा जखडतो. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखू न घातलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. केरळमधल्या एर्नाकुलममध्ये सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. आधी तिखट झोंबते, मग पाणीपुरी तोंडात जात नाही, मग मोठा घास मावत नाही. माणूस लहान घास घ्यायला शिकतो आणि दवाखान्यात जात नाही. केसपेपरवर गेल्या वर्षी ४० आणि यंदा ३२ असे दोन आकडे असते, तर ही घसरण लपली नसती.

तोंड कमी उघडण्याला शंभर कारणे असतात, हा पहिला आक्षेप. अडकलेली अक्कलदाढ, पू झालेली दाढ, जबड्याच्या सांध्याचा त्रास, धनुर्वात. खरे आहे. पण यांतले एकही कारण घरी बसून सोसण्यासारखे नाही. दाढेचा पूदेखील याच खोल जागांतून मानेकडे उतरून श्वास कोंडू शकतो. मोजमापाचे काम निदान करणे हे नव्हेच. कुणाला पुढे पाठवायचे, एवढे त्याने सांगितले तरी पुरे.

दुसरा आक्षेप आशा सेविकांवरच्या कामाच्या ओझ्याचा, आणि तो मी हलका मानत नाही. त्यांच्याकडे आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे आणि मोबदला तुटपुंजा. तरीही ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आधीच ठरलेली आहे. तिच्यात एका पट्टीची आणि एका आकड्याची भर पडते. तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. हा निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात जे तोंड उघडतच नाही, त्यात बॅटरी मारून काही दिसणार नाही. म्हणून आधी मोजायचे, मग पाहायचे. या कामाचा वेगळा मोबदला सेविकांना मिळाला पाहिजे, हेही मोजणीच्या शासन आदेशातच लिहिले जावे.

गुटख्यावर बंदी असताना हे कशाला, असे काही जण विचारतील. बंदी २०१२ पासून आहे आणि ती योग्यच आहे. पण टपरीवर पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी मिळते, ग्राहक ती तळहातावर एकत्र करतो. शिवाय ज्यांचे गाल आज कडक झालेले आहेत, त्यांना उद्याची कडक अंमलबजावणी पुरेशी नाही. ३० वर्षांची अटही मला चुकीची वाटते. सुपारीची सवय शाळा-कॉलेजच्या वयात लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातातच. मोठ्या वर्गांतल्या मुलांचे तोंड त्यांनी मोजावे.

शासनाचा आदेश निघेपर्यंत वाचकांनी वाट पाहू नये. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर उघडते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा, घरातल्या इतरांनाही पाहायला सांगा. ती मावत नसतील, किंवा सोबत खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर दुखण्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात जा, अथवा मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासून घ्या.