काळीकाठच्या प्रश्नांसाठी मराठी संशोधनपत्रिका हवी

जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. ज्या गावावरून ते पडले, ते काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात बुडाले. १९८७ साली धरण पूर्ण झाले. विस्थापितांची वसाहत रामनगर येथे झाली. याच नदीच्या खालच्या अंगाला, कारवार तालुक्यात, कैगा अणुवीज केंद्र उभे राहिले. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असताना तेथील एका अणुभट्टीच्या घुमटाचा भाग कोसळला. पुढे जोयड्याचे बरेचसे जंगल व्याघ्र प्रकल्पात गेले.

तंत्रज्ञान कोणाच्या निर्णयाने येते, धोका कोण मोजतो, किंमत कोण भरतो, कुणब्यांच्या कंदपिकांच्या जाणकारीला शास्त्राचा मान का मिळत नाही, हे प्रश्न ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ या ज्ञानशाखेचे आहेत. मराठीत विज्ञानप्रसाराची परंपरा जुनी आहे. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. परंतु विज्ञान समजावून सांगणे वेगळे आणि विज्ञानाच्या सामाजिक व्यवहाराची चिकित्सा करणे वेगळे. या दुसऱ्या कामासाठी मराठीला स्वतंत्र संशोधनपत्रिका हवी, असे आमचे मत आहे.

इतरांनी हे कसे केले? अर्जेंटिनात १९९४ साली निघालेल्या ‘रेदेस’ने स्पॅनिश भाषा पत्करली. तैवानमधून २००७ साली सुरू झालेल्या पूर्व आशियाई पत्रिकेने मात्र इंग्रजी निवडली, कारण चिनी, जपानी व कोरियन अभ्यासकांना दुसरी सामाईक भाषा नव्हती. कोल्हापूर, बेळगाव, जोयडा आणि गोवा येथील आपल्या अभ्यासकांपुढे ती अडचण नाही.

इंग्रजीत लिहिले तरच जग दखल घेते आणि बढतीलाही तेच उपयोगी पडते, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. म्हणूनच प्रत्येक लेखासोबत इंग्रजी सारांश असावा. त्याहून अगत्याचा कानडी सारांश, कारण धरणाने मराठी, कोकणी, कानडी अशी निवड करून कोणाला उठवले नाही. वर्षाला दोनच अंक निघाले तरी चालतील, पण परीक्षण कठोर हवे. आणि परीक्षकांत एक जण ज्या भागाविषयी लेख आहे तेथील जाणकार असावा. शिवाजी विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ येथील मराठी विभागांनी समाजशास्त्रज्ञ व अभियंते यांना सोबत घेऊन आरंभ करावा.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. फलक, शाळा, परिपत्रके यांसाठी आपण झगडतो आणि झगडलेच पाहिजे. पण ज्या भाषेत आपल्या नदीचा अभ्यास होत नाही, ती पुढच्या पिढीला फक्त घरगुती वाटू लागते. रामनगरच्या विस्थापिताची हकीकत संशोधकाने नेली, तर तिचे काय झाले हे त्याच्या नातवाला वाचता आले पाहिजे. निदान एवढी मागणी आपण आपल्याच विद्यापीठांकडे आजपासून करू शकतो.