नाताळाची मराठी आणि कपाटातली वाळवी

नाताळ जवळ आला की आपल्या गोव्यात दोन समजुती नव्याने उजळतात. ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक, आणि ख्रिस्ती म्हणजे कोंकणी नाहीतर इंग्रजी. चोर्ला घाट ओलांडून बेळगावात उतरलं की दोन्ही खोट्या ठरतात.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं, १९०४ साली ते मेथडिस्टांकडे आलं. हा पंथ मुळात गाण्यावर वाढलेला. चार्ल्स वेस्लीने सहा हजारांवर गीतं लिहिली. १७३९ सालचं त्याचं नाताळगीत अजून जगभर गातात. पण मराठी प्रॉटेस्टंट नुसते तर्जुमे गात बसले नाहीत. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, ना. वा. टिळकांनी अभंग-ओवी चर्चमध्ये नेली. 'उपासना संगीत'मध्ये टिळकांचा वाटा मोठा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र ते 'फुलामुलांचे कवी' म्हणूनच उरले! ख्रिस्ती झाल्यावर माणूस मराठी राहत नाही, असं कुणी ठरवलं?

आता कागदांचं बघा. लंडन मिशनचे कागद लंडनच्या सोअस संस्थेत आहेत, अमेरिकन मेथडिस्टांचे न्यू जर्सीतल्या ड्र्यू विद्यापीठात. परदेशी गेलं ते जपलं गेलं. इथे राहिलेली बाप्तिस्म्याची रजिस्टरं, हाताने उतरवलेल्या गाण्यांच्या वह्या, जुनी गीतपुस्तकं यांचा वाली कोण? फाईल कशी मरते हे माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला सांगावं लागत नाही. आधी कपाट बदलतं, मग किल्ली हरवते, शेवटी वाळवी 'निर्गत' करते.

"चर्चचे कागद चर्चने सांभाळावेत" हा युक्तिवाद गोंयकाराने तरी करू नये. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं. त्या छापील आवृत्तीची एक प्रत आज दाखवता येत नाही. देवनागरी हस्तलिखित मिळालं ते लंडनच्या मार्सडन संग्रहात, आणि तो संग्रहही त्याच सोअसमध्ये. एकदा ठेच लागली, तरी आपण शहाणे व्हायला तयार नाही.

सीमाभागातल्या मंडळींनाही हेच विचारायचं आहे. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या अनगोळच्या मराठी माणसाला मराठीसाठी झगडणं शिकवायला नको. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण ज्या मराठीसाठी भांडायचं, तिच्यात ही गीतं धरायची की नाही? त्या कागदांत कन्नडही असेल, इंग्रजीही असेल. असू दे. सोयीचं तेवढं ठेवायचं, याला दफ्तर म्हणत नाहीत.

यासाठी सरकारी समिती नको, अनुदानही नको. या नाताळात फराळाला ज्यांच्या घरी जाल, तिथे आजीची गाण्याची वही मागा. पानापानाचा फोटो घ्या. वही कुणाची, कोणत्या सालची, चाल कोणती, ते लिहून ठेवा. चाल ठाऊक असलेलं माणूस गेलं, की वही सापडूनही गाणं मुकंच राहतं.