कसब आहे, पण कौशल्याचा दाखला कुठे?

कसब, हुन्नर, कारागिरी, हातोटी, कौशल्य हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. मजुरीचा दर ठरवताना मात्र तसे चालत नाही. कासारवाडीपासून चाकणपर्यंतच्या कारागीर बंधूंनी आणि लहान वर्कशॉपवाल्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

‘कसब’ हा शब्द मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ मिळवणे, कमावणे. ‘कसब-ए-हलाल’ आपण ऐकतो ते याच अर्थाने. मराठीत हा कमाईचा शब्द हाताच्या करामतीला लागला. ‘हुन्नर’ फारसी, त्यात कलेबरोबर युक्तीही आली. ‘वाकबगार’ म्हणजे कामाची पुरती माहिती असलेला; त्यात ‘वाकिफ’ आहेच. ‘हातोटी’ ज्याची त्याची, ती दुसऱ्याला शिकवता येईलच असे नाही. ‘कौशल्य’ हा संस्कृत शब्दही जुनाच. पण कारखान्याच्या आणि सरकारच्या व्यवहारात आज त्याचा अर्थ वेगळा झाला आहे. ज्याची परीक्षा झाली आणि दाखला मिळाला, ते कौशल्य!

कासारवाडीच्या नावातच कासार आहे. हा शब्द ‘कांस्यकार’ यावरून आला. कासाराचे भांडे वाजवून पाहिले की गिऱ्हाइकाची खात्री पटे. दाखला कोणी मागत नसे. पुढे १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आणि टेल्को आली. तेव्हापासून कामाची पारख कागदावर होऊ लागली.

किमान वेतनाच्या दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे रकाने असतात. ‘कसबी’ असा रकाना नाही. बॉयलरच्या वाफेच्या नळीचेच पाहा. तेथे वेल्डरला परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो. वीस वर्षे हात बसलेला वेल्डरही दाखल्यावाचून त्या नळीवर जोड मारू शकत नाही. या नियमाला आम्ही नावे ठेवत नाही. तो जोड फुटला तर माणसे जातात.

याची दुसरी बाजूही आहे. दाखला घेऊन आलेल्या मुलाकडे कौशल्य असते, कसब असेलच असे नाही. ते उस्तादाशेजारी उभे राहूनच येते. सरकारलाही हे ठाऊक असावे. अल्पसंख्याक कारागिरांसाठी २०१५ साली काढलेल्या योजनेचे नाव ‘उस्ताद’ ठेवले होते आणि त्यांच्या मालाच्या बाजाराचे ‘हुनर हाट’. शब्द आपल्या घरातले घेतले, पण रकान्यात लिहायचा शब्द ‘कुशल’ हाच राहिला.

मग करावे काय? पहिले असे की, अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ किंवा ‘वर्कशॉप’ लिहू नये. वेल्डर, टर्नर, फिटर, शिंपी असे नेमके लिहावे. दुसरे, ज्याचे काम लोहार, कुलूप दुरुस्ती, शिवणकाम यांसारख्या १८ व्यवसायांत बसते, त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तीत दाखला, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिसरे सांगणे वर्कशॉपच्या मालकांना. हाताखाली वर्षानुवर्षे काम केलेल्या पोरास किती वर्षे, कोणत्या मशीनवर, कोणते काम केले याचे लेखी पत्र द्यावे. पत्र दिले तर पोरगा निघून जाईल, ही भीती आम्ही जाणतो. पण पत्र न देऊन त्याला आयुष्यभर ‘अकुशल’ ठेवणे हा त्याच्या कमाईवरचा अन्याय आहे.

कसब आपल्या मुलांना आपण शिकवतोच. त्याबरोबर ते कागदावर कसे मांडायचे हेही शिकवले पाहिजे. नाहीतर हात कुशल कामगाराचा आणि मजुरी अकुशलाची, असेच चालू राहील.