दुसऱ्याच्या वहीत सापडणारे पूर्वज



बँकेच्या नोकरीत पहिल्या वर्षीच एक नियम अंगवळणी पडतो. आपल्या खातेवहीतील शिल्लक केवळ आपण म्हणतो म्हणून खरी मानायची नाही. ती समोरच्याच्या नोंदीशी जुळली पाहिजे. आपल्याकडे जमा असलेली रक्कम तिकडे नावे पडलेली असेल, तरच ताळमेळ लागला म्हणायचे. निवृत्तीनंतर घराण्याचा पूर्वेतिहास जुळवू लागलो, तेव्हा हाच नियम उपयोगी पडला. घरात सांगितली जाते ती हकिकत ही एक बाजू. दुसरी बाजू बहुधा दुसऱ्याच्या दप्तरात असते.

आपल्यापैकी अनेकांचा शोध वहीवंचा, भाट किंवा कुलगुरू यांच्या पोथीपासून सुरू होतो. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी येऊन नावे नोंदवणाऱ्या या मंडळींचे आपल्यावर मोठे ऋण आहे. मात्र त्या नोंदी यजमानाच्या सांगण्यावरून आणि त्याच्या दक्षिणेवर झालेल्या असतात. अलीकडच्या पाच-सात पिढ्यांची नावे, गावे व स्थलांतरे त्यांत बरीच भरवशाची मिळतात. त्यामागील भाग एखाद्या राजकुळापाशी वा दंतकथेपाशी जाऊन थांबतो. शिवाय तेथे पित्यामागून पुत्र येतो. माता आणि कन्या क्वचितच दिसतात.

दुसरे साधन म्हणजे आपल्याच दुकानाच्या वह्या. गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण करून आरंभ केलेल्या पहिल्या पानावर संवत, गाव व पेढीचे नाव असते. तेवढ्यावरूनही एक पिढी निश्चित करता येते. मात्र कालगणनेत सावध राहावे. दिवाळीच्या पाडव्याला सुरू होणाऱ्या विक्रम संवतातून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि त्यापुढे ५६ वजा केले की इसवी सन येतो. चैत्रापासून संवत मोजणाऱ्यांचा हिशेब निराळा असतो. शकात ७८ मिळवावे लागतात, क्वचित ७९. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन आढळतो, त्यात ५९९ वा ६०० मिळवावे लागतात. फसली सनात ५९० वा ५९१. या आकड्यांत गल्लत झाली, तर पणजोबा आपल्या वडिलांच्याही आधी जन्माला येतात!

लिपीचा प्रश्न याहून कठीण आहे. महाराष्ट्रातील जुने दप्तर मोडीत, तर मारवाडातून आलेल्या पेढ्यांच्या वह्या बहुधा महाजनी अर्थात मुडियात. महाजनीत काना-मात्रा गाळण्याची रीत असल्यामुळे ‘काकाजी अजमेर गये’ याचे वाचन ‘काकाजी आज मर गये’ असे झाल्याचा किस्सा आपल्या घराघरांत सांगितला जातो. हसून झाल्यावर ध्यानात येते की, ती लिपी सराईतपणे वाचणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आमच्या घरात असे सांगत की पणजोबा ‘छप्पनिया’त, म्हणजे संवत १९५६ च्या भीषण दुष्काळात (इसवी सन १८९९-१९००), मारवाड सोडून दक्षिणेत आले आणि त्यांनी स्वतःच्या बळावर दुकान थाटले. आमच्या वह्या संवत १९६० पासूनच्या. त्यांवरून ही हकिकत खरीही ठरत नव्हती आणि खोटीही. उत्तर मिळाले ते शेजारच्या तालुक्यातील एका जुन्या पेढीच्या वहीत. संवत १९४९ च्या खतावणीत पणजोबांचे नाव गुमास्ता म्हणून होते. पगार, अंगरख्याचे कापड आणि गावी पाठवलेली रक्कम त्यांच्या नावे टाकलेली होती. छप्पनियापूर्वी सात वर्षे ते येथे होते आणि दुसऱ्याच्या गादीवर हिशेब लिहीत होते. घरातील काहींना हे रुचले नाही. मला मात्र त्या नोंदीने पणजोबा अधिक जवळचे झाले. दुष्काळ पडला त्या वर्षी गावी गेलेल्या रकमा वाढलेल्या दिसतात. घरच्या हकिकतीत छप्पनिया का टिकून राहिला, याचाही उलगडा तेथेच होतो.

तिसरे दप्तर मंदिरात आहे. धातुप्रतिमेच्या पाठीमागे किंवा पीठावर कोरलेल्या लेखात संवत, तिथी, ज्ञाती, बहुधा गोत्र, प्रतिमा करविणाऱ्या श्रावकाचे नाव आणि प्रतिष्ठाचार्यांचा गच्छ किंवा भट्टारकांचा संघ-गण असा क्रम आढळतो. विशेष म्हणजे श्रावकाच्या नावालगत त्याच्या भार्येचे, कधी मातेचेही नाव येते. काही प्रतिमा तर स्त्रियांनीच करविलेल्या आहेत. वहीवंचाच्या पोथीत न मिळणारी आजी अशी धातूवर भेटते. पूरणचंद नाहर यांचे ‘जैन लेख संग्रह’ आणि विद्याधर जोहरापूरकर यांचा सोलापूरहून १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘भट्टारक संप्रदाय’ हे ग्रंथ या कामी हाताशी असावेत. लेख वाचताना विश्वस्तांची संमती घ्यावी आणि तिरप्या उजेडात वाचावा. प्रतिमा घासू नये.

येथेही ताळमेळ हवाच. संवत १५४८ मधील, जीवराज पापडीवाल यांचे नाव असलेल्या प्रतिमा भारतभरातील दिगंबर मंदिरांत आहेत. मुडासा येथे भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते प्रतिष्ठा होऊन त्या गावोगावी गेल्या. आपल्या मंदिरात अशी प्रतिमा आहे, एवढ्यावरून आपले घराणे त्या काळी त्या गावात होते असे सिद्ध होत नाही.

चौथे दप्तर सरकारी. गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जुने जनरल रजिस्टर, मिळकत पत्रिका आणि वारसाचे फेरफार यांतून नावे, वये व नाती निघतात. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू असल्याने त्यानंतरच्या वारस नोंदींत कन्यांची नावे अधिक दिसू लागतात.

याच सरकारी कागदांत आपल्याला न आवडणारेही काही मिळेल. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. गुजराती व मारवाडी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळण्यात आली. त्या भागात अनेक घरांत त्यापूर्वीचे कागद न मिळण्यामागे हेही एक कारण असू शकते. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या कागदांत आपला एखादा पूर्वज फिर्यादी वा सावकार म्हणून भेटला, तर ती नोंदही उतरवून घ्यावी. गैरसोयीची नोंद गाळून जुळवलेला ताळेबंद कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही.

यातूनच आपल्यावरील एक जबाबदारी पुढे येते. आपला पूर्वज दुसऱ्याच्या वहीत सापडतो, तसे दुसऱ्यांचे पूर्वज आपल्या वहीत आहेत. आपल्या उधारवहीत कुणब्याचे, कोष्ट्याचे, तेल्याचे, चांभाराचे नाव गावासह लिहिलेले आहे. त्याने बियाणे केव्हा नेले, लेकीच्या लग्नाला किती उचलले, हे तिथीवार आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या पणजोबांचा याखेरीज दुसरा लेखी पुरावा कदाचित कोठेही नसेल. अशा वह्या जागेच्या अडचणीपायी रद्दीत जातात, तेव्हा केवळ आपलीच नव्हे, तर साऱ्या गावाची स्मृती किलोच्या भावाने विकली जाते.

म्हणून एक विनंती. वह्या विकू नयेत. त्या वाळवीपासून व ओलीपासून दूर, सुती कापडात बांधून ठेवाव्यात. सांभाळणे शक्य नसल्यास एखाद्या संशोधन संस्थेस किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागास विचारावे. घरातील एका तरुणाने वा तरुणीने मोडी शिकावी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, तसेच राज्याचा पुराभिलेख विभाग यांनी असे वर्ग चालविले आहेत. घरात महाजनी वाचणारे वडीलधारे असतील, तर त्यांच्याजवळ बसून दोन पाने वाचून घ्यावीत व तो आवाज ध्वनिमुद्रित करावा.

आणि येत्या दीपावलीला नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी जुन्या वह्यांची चार रकान्यांची एक यादी करावी : संवत, गाव, पेढीचे नाव, लिपी. ही यादी शेजारच्या गावातील नातलगांना व जुन्या अडत्यांना पाठवावी आणि त्यांचीही मागवावी. तुमचे पणजोबा कदाचित त्यांच्या कपाटात असतील.